नफा कागदावर, चुकारा उधारीवर

ताळेबंदात नफा दिसतोय आणि शेतकऱ्यांचे चुकारे मात्र थकलेत, अशी वेळ आली की आधी वह्या तपासाव्यात, माणसांवर संशय नंतर घ्यावा. वर्ध्याला खेटून असलेल्या बोरगाव मेघेत राहणारा मी निवृत्त बँक कर्मचारी. परिसरातल्या सोयाबीन आणि तूर पिकवणाऱ्यांच्या एका उत्पादक कंपनीनं मला तज्ज्ञ संचालक म्हणून घेतलं. एकूण संचालकांच्या एकपंचमांशापर्यंत असे संचालक कायदा घेऊ देतो. अध्यक्षाच्या निवडणुकीत त्यांना मत नसतं, त्यामुळे गटातटाची ओढाताण माझ्या वाट्याला आली नाही आणि मी निवांत बसून वह्या वाचू शकलो.

वाचताना लक्षात आलं ते असं. किर्द, खतावणी, टॅलीतल्या नोंदी, ताळेबंद आणि शेवटी त्या ताळेबंदावर लेखापरीक्षक म्हणून सही, हे सगळं एकाच कार्यालयातून होत होतं. छोट्या कंपन्यांत ही सोय अनेकांना बरी वाटते. स्वस्त पडते आणि धावपळ वाचते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४४ ला मात्र ती मंजूर नाही. ज्यानं हिशेब लिहायचे त्यानं ते लेखापरीक्षक म्हणून तपासायचे नाहीत, आणि लेखापरीक्षकानं अंतर्गत लेखापरीक्षणही करायचं नाही. मी हा विषय काढला तेव्हा एक जुने संचालक म्हणाले, “साहेब, सही म्हंजे सही. तेच्यासाठी जास्तीचे पैसे काहून द्याचे? माणूस तर सरळ हाये न आपला!” माणूस सरळ होता, याबद्दल वाद नव्हताच. पण आपणच केलेली नोंद आपल्याला बरोबरच दिसते. तिला प्रश्न विचारायला परका माणूस लागतो.

परका माणूस आला तेव्हा

जुन्या लेखापरीक्षकांची पाच वर्षांची मुदत वार्षिक सभेत संपत होती. सभेनं नव्या सीएंची नेमणूक केली. काम हाती घेण्याआधी त्यांनी जुन्या लेखापरीक्षकांना पत्र लिहून काही हरकत आहे का, ते विचारलं. सीएंच्या व्यवसायाचा तो नियमच आहे. मग आम्हाला लेखी कळवलं: हिशेब तयार करणं संचालकांची जबाबदारी, मी ते तपासून मत देणार.

मार्चअखेर ते थेट गोदामात आले. आमच्या वह्यांत साठा म्हणजे खरेदीतून विक्री वजा जाता उरलेला आकडा होता. प्रत्यक्ष कोणी मोजलेलाच नव्हता. त्यांनी थप्प्या मोजायला लावल्या, मधले कट्टे काढून काट्यावर चढवले. कट्टे कमी भरले आणि वजन त्याहून कमी. ऑक्टोबरात आलेलं सोयाबीन ओलं असतं, मार्चपर्यंत सुकून घटतं. ती घट कधी लिहिलीच गेली नव्हती. एक ट्रक मार्चमध्ये रवाना झाला होता, पण त्याचं बिल झालं नव्हतं, म्हणून तो माल वह्यांत अजून गोदामातच होता. चोरी कुठेच सापडली नाही. आकडा मात्र खोटा होता.

रोकडीचंही तसंच. वहीत लाखांत, पेटीत हजारांत. फरकाचा माग काढला तेव्हा हमाली आणि गाडीभाड्याची व्हाउचर न केलेली सापडली आणि एका संचालकानं कच्च्या चिठ्ठीवर घेतलेली उचलही. उत्पादक कंपनीत संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला कर्ज वा उचल द्यायची तर सभासदांच्या सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. ती घेतलेली नव्हती. त्या संचालकानं रक्कम परत भरली.

सगळ्यात जास्त शिकलो ते येण्यांच्या बाबतीत. व्यापाऱ्यांकडे किती बाकी आहे, हे विचारणारी पत्रं आमच्या नावानं गेली, पण उत्तरं लेखापरीक्षकांच्या पत्त्यावर मागवली गेली. बँकेतली शिल्लकही त्यांनी बँकेकडून परस्पर लेखी घेतली. हा काही फुकटचा संशय नाही. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी कबुली दिली तेव्हा ताळेबंदातली पाच हजार कोटींहून जास्त रोख आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नसल्याचं उघड झालं. लेखापरीक्षकांनी बँकांकडून परस्पर खात्री करून घेतली नाही, हा तिथला मुख्य आक्षेप होता. आमच्या व्यापाऱ्यांच्या उत्तरांतून कळलं, की त्यांनी मालाच्या प्रतीपोटी ‘कटती’ लावून पैसे पूर्ण चुकते केले होते. आम्ही ती कटती येणी म्हणून वर्षानुवर्षं पुढे ओढत होतो. येणारच नसलेल्या पैशावर आमचा नफा उभा होता आणि चुकारे त्यामुळेच थकत होते.

दुरुस्त्या झाल्यावर नफ्याचा तोटा झाला. त्यातही सुरुवातीचा साठा मागच्या मार्चमध्ये कोणी मोजला नसल्यामुळे लेखापरीक्षकांनी निर्मळ मत दिलं नाही. अहवाल क्वालिफाइड केला, म्हणजे ‘एवढा मुद्दा सोडून बाकी हिशेब योग्य’. सभेत सभासद भडकले. कंपनीची बदनामी केली, असंही ऐकावं लागलं. ज्या बँकेकडे आम्ही कर्ज मागितलं होतं, तिनं मात्र अहवालातला तोच परिच्छेद नीट वाचला, मागितल्यापेक्षा कमी कर्जमर्यादा मंजूर केली आणि पुढच्या मार्चच्या मोजणीनंतर पुन्हा या, असं सांगितलं. कर्ज देणाऱ्याला कळलेली उणीव चालते. न कळलेली चालत नाही.

वर्ध्याला हे नवं नाही

जे. सी. कुमारप्पा लंडनमध्ये शिकलेले हिशेबतपासनीस. मुंबईतला व्यवसाय मागे ठेवून ते गांधीजींबरोबर आले आणि १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम वर्ध्याच्या मगनवाडीतून पाहू लागले. त्याच वर्षी बिहारच्या भूकंपानंतर मदतनिधीच्या हिशेबावर देखरेख करताना त्यांनी कार्यकर्त्यांच्या रोजच्या खर्चाला मर्यादा घातली आणि गांधीजींसोबतच्या मंडळींचा जादा खर्च निधीतून द्यायला नकार दिला. गांधीजींवरची त्यांची निष्ठा यामुळे तसूभरही कमी झाली नाही. आपल्या माणसाला नाही म्हणता येणं, हीच लेखापरीक्षकाची पहिली पात्रता. कायद्यानं पुढे ती कलमांत बांधली. कंपनीचा नोकर, संचालकाचा भागीदार, कंपनीशी व्यापारी व्यवहार असणारा किंवा पाच लाखांहून जास्त कर्ज घेतलेला, ज्याचा नातेवाईक संचालक आहे असा कोणीही तिचा लेखापरीक्षक होऊ शकत नाही.

तुम्ही काय कराल?

छोटी कंपनी आहे म्हणून ऑडिट टळत नाही. काही अहवालांतून आणि फॉर्मांतून तिला सूट मिळते, पण वार्षिक लेखापरीक्षण प्रत्येक कंपनीला लागतं, उलाढाल शून्य असली तरी. नोंदणीपासून ३० दिवसांत संचालक मंडळानं पहिला लेखापरीक्षक नेमायचा असतो. पुढे सभेत नेमणूक झाली की ती कळवणारा एडीटी-१ फॉर्म १५ दिवसांत भरायचा. ताळेबंदाचा एओसी-४ वार्षिक सभेनंतर ३० दिवसांत. एओसी-४ला उशीर झाला की दर दिवसाला शंभर रुपये चढत जातात. सलग तीन वर्षं ताळेबंद भरलाच नाही, तर संचालकच पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात.

हिशेब लिहिणारं कार्यालय आणि तपासणारं कार्यालय वेगळं ठेवा. आम्ही जुन्या कार्यालयाशी नातं तोडलं नाही. ऑडिट सुटल्यावर हिशेब लिहिण्याचं काम तेच करतं आणि चांगलं करतं. उत्पादक कंपनीला सीएकडून अंतर्गत लेखापरीक्षणही करून घ्यावं लागतं. ते तिसऱ्याकडे द्या.

३१ मार्चला साठा मोजा आणि मोजणीच्या कागदावर गोदामपाल व संचालक दोघांच्या सह्या घ्या. माल तारण असेल तर कुठे, कोणाकडे, किती, ते वेगळं लिहा. तारणातला माल मोकळा समजून बसू नका. काट्याच्या पावत्या बिलाला जोडा. रोकड दर शनिवारी मोजून वहीशी ताडून पाहा.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी, कधी, कोणती नोंद बदलली याची खूण राहिली पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हे बंधनकारक आहे आणि लेखापरीक्षकाला त्याबद्दल अहवालात लिहावं लागतं. ती सोय बंद करून ठेवू नका.

अहवालावर यूडीआयएन हा अठरा अंक-अक्षरांचा क्रमांक आहे का, ते पाहा. सीए संस्थेच्या संकेतस्थळावर तो टाकून कोणालाही खात्री करून घेता येते. मग ‘मत’ आणि ‘मताचा आधार’ हे दोनच परिच्छेद वाचा. निर्मळ, क्वालिफाइड, प्रतिकूल, की मत द्यायलाच नकार, हे तिथेच कळतं.

फीवर घासाघीस जपून करा. ज्या रकमेत गोदामापर्यंत येणंही परवडत नाही, त्या रकमेत फक्त सही मिळते. आणि स्वच्छ अहवाल मिळाला म्हणून निश्चिंतही होऊ नका. लेखापरीक्षक नमुने तपासतो, प्रत्येक पावती नाही. हिशेब खरे असल्याची जबाबदारी संचालकांच्याच सहीवर राहते.

सभासदांनाही एक सांगणं आहे. वार्षिक सभेत लाभांश आणि चहापाण्याच्या आधी अध्यक्षांना तीन प्रश्न विचारा: साठा कोणी मोजला, व्यापाऱ्यांची उत्तरं कोणाच्या पत्त्यावर आली, आणि आपले हिशेब लिहितो तोच तपासतो का? उत्तरं न अडखळता मिळाली, तर मग खुशाल हात वर करून ताळेबंद मंजूर करा.