उन्हात तापलेली गाडी आणि आतली बॅटरी

आपल्या वस्त्यांत टॉर्चला सरळ बॅटरीच म्हणतात. रात्री वीज गेली की सार्वजनिक संडासापर्यंत जायला, गल्लीत विंचू-किरडू पाहायला, आजारी माणसाला रिक्षात घालून दवाखान्यात न्यायला तीच कामी येते. म्हणून अनेकजण ती गाडीतच ठेवतात. पावसाळ्यात ठीक, पण चैत्र-वैशाखात ऐन वेळी दगा देते ती बहुधा याच सवयीमुळे.

नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. काचा लावून उन्हात उभ्या टेंपोत किंवा कारमध्ये हवा तासाभरात 60 अंशांच्या आसपास जाऊ शकते. डॅशबोर्ड त्याहून तापतो. स्कूटरच्या डिक्कीला वरून ऊन आणि खालून इंजिनाची धग. रिक्षाच्या मागच्या खणाचेही तेच.

एलईडी दिवा या उष्णतेने सहसा बिघडत नाही, बिघडतो तो सेल. त्याच्या आतली रासायनिक क्रिया टॉर्च बंद असतानाही हळूहळू चालू असते आणि उष्णतेने ती वेग घेते. साध्या सेलचे जस्ताचे आवरण आतून झिजते, रस पाझरतो, स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर चढतो. चार्जिंगच्या स्वस्त टॉर्चमध्ये बहुधा शिशाची बॅटरी असते. सतत दहा अंश जास्त तापमानात राहिली तर तिचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते. लिथियमची बॅटरी कमी साठवू लागते, कधी फुगते. ती तापलेली असताना चार्जिंगला लावू नये. बहुतेकींसाठी चार्जिंगची मर्यादा 45 अंशांची असते. म्हणून गाडीतून आणलेली टॉर्च आधी सावलीत गार होऊ द्यावी. फ्रिजमध्ये किंवा पाण्यात मात्र ठेवू नये.

आम्ही सुचवतो ते एवढेच, की उन्हाळ्यात टॉर्च गाडीत न ठेवता घरी आणावी. गाडीत ठेवणे भागच असेल तर सेल काढून ठेवावेत, सीटखाली कापडात गुंडाळून, डॅशबोर्डवर नाही. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये, जुना आधी संपून पाझरतो.

पाझरलेला रस हाताला लागला तर भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेला तर वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे सतत धुऊन लगेच दवाखाना गाठावा. हळद, तूप, दूध काहीही घालू नका. चावीच्या छोट्या टॉर्चमधला बटणासारखा सेल मुलाने गिळला असेल तर वाट पाहू नका, उलटी करवू नका. तो दोन तासांतच अन्ननलिका जाळू शकतो. थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि सेलचे पाकीट सोबत घ्यावे.

फुगलेली बॅटरी दाबू, टोचू किंवा जाळू नये. उकिरड्यावरही टाकू नये, कारण तो कचरा निवडणारे हात बऱ्याचदा आपल्याच घरातले असतात. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा दुकानदाराला आणि नगरपालिकेच्या कचरागाडीवाल्याला विचारावे, आणि तोवर विहारात एका कोरड्या बरणीत त्या वेगळ्या, मुलांच्या हाताबाहेर जमा कराव्यात. फुगलेली बॅटरी मात्र त्या बरणीत नको, ती मोकळ्या जागी, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावी.