नियम बदलतात तेव्हा : दूरसंचार उपकरणे आणि उत्पादकांची जबाबदारी

जुलै २०१३ मध्ये आपल्या देशातील तारसेवा बंद झाली. दारात तारवाला दिसताच घरातील माणसांच्या काळजाचा ठोका चुकावा, असा एक काळ त्याबरोबर संपला. तार गेली, तारेचा कायदा मात्र मागे उरला. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमातील 'तार' या संज्ञेची व्याप्ती काळाबरोबर वाढत गेली होती. दूरध्वनी, मोडेम, प्रकाशतंतूच्या जाळ्यावरील यंत्रे ही सारी कायद्याच्या दृष्टीने 'तार'च होती. याच अधिनियमाखालील नियमांत सप्टेंबर २०१७ मध्ये दुरुस्ती करण्यात आली आणि दूरसंचार उपकरणांची विक्री, आयात किंवा वापर होण्यापूर्वी त्यांची चाचणी व प्रमाणन सक्तीचे ठरविण्यात आले. नियम बदलतात तेव्हा उत्पादकाने, आयातदाराने आणि दुकानदाराने कसे वागावे, हे समजून घेण्यास हे उदाहरण उपयुक्त आहे.

चाचणी कशासाठी?

दूरसंचाराचे उपकरण एकटे काम करीत नाही. ते एका विशाल जाळ्याला जोडलेले असते. घरातील पंखा बिघडला तर त्या घरापुरती गैरसोय होते. सदोष उपकरण मात्र वाहिनीवर नको तो विद्युतदाब सोडू शकते, शेजारच्या यंत्रांच्या कामात व्यत्यय आणू शकते आणि खांबावर चढलेल्या तारमार्ग कर्मचाऱ्याच्या जिवावरही बेतू शकते. म्हणूनच चाचणीत पुढील बाबी पाहिल्या जातात : विद्युत सुरक्षितता, विद्युतचुंबकीय व्यत्यय, जाळ्याशी जुळवून घेण्याची तांत्रिक पात्रता आणि उपकरणाच्या प्रकारानुसार किरणोत्सर्जन व माहितीची सुरक्षा. या 'अत्यावश्यक आवश्यकता' ठरविण्याचे व प्रमाणपत्र देण्याचे काम केंद्रीय दूरसंचार विभागाच्या अखत्यारीतील दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राकडे सोपविण्यात आले. या केंद्राचे एक प्रादेशिक कार्यालय मुंबईत आहे.

टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी

एवढा व्यापक नियम एका दिवसात अमलात येणे शक्य नव्हते. प्रयोगशाळांची सिद्धता व्हावयाची होती, उद्योगांनाही अवधी हवा होता. प्रारंभी १ ऑक्टोबर २०१८ ही तारीख ठरली होती. ती पुढे नेण्यात येऊन पहिला टप्पा १ ऑक्टोबर २०१९ पासून सक्तीचा झाला. त्यात दूरध्वनी संच, बिनतारी जोडणीचा घरगुती दूरध्वनी, मोडेम, फॅक्स यंत्र, खाजगी स्वयंचलित केंद्र यांसारखी उपकरणे होती. दुसरा टप्पा १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला. प्रकाशतंतूवरून घरोघरी ब्रॉडबँड पोहोचविणारी साधने त्यात आली.

येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. मुदतवाढ मिळाली म्हणजे नियम टळला, अशी समजूत काही व्यावसायिकांत आढळते. ती घातक आहे. मुदतवाढ ही तयारीसाठी मिळालेली सवलत असते. जो ती विश्रांतीत घालवितो, त्याला शेवटच्या महिन्यात प्रयोगशाळेच्या दारात रांग लावावी लागते.

प्रत्येक नियमाच्या दोन तारखा

संक्रमणाचा काळ कसा आखला जातो, हे भ्रमणध्वनीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. भ्रमणध्वनीतून निघणाऱ्या लहरींची जी ऊर्जा शरीर शोषून घेते, तिचे प्रमाण 'विशिष्ट शोषण दर' या मापाने मोजतात. पूर्वी आपल्याकडे दहा ग्रॅम ऊतींवरील सरासरीने किलोग्रॅममागे २ वॉट ही मर्यादा होती. १ सप्टेंबर २०१२ पासून ती एक ग्रॅम ऊतींवरील सरासरीने १.६ वॉट करण्यात आली. आकड्यातील फरक लहान दिसतो, परंतु सरासरी काढावयाचे क्षेत्र लहान केल्यामुळे एखाद्याच बिंदूवर एकवटलेली ऊर्जा सरासरीत लपून राहत नाही. त्यामुळे नवा निकष दोन्ही बाजूंनी कडक झाला. मात्र जुन्या निकषानुसार तयार झालेल्या संचांना ३१ ऑगस्ट २०१३ पर्यंत बाजारात राहण्याची मुभा देण्यात आली.

नियम केव्हा सुरू होतो ही पहिली तारीख आणि जुन्या मालाला मिळालेली मुभा केव्हा संपते ही दुसरी. अधिसूचना वाचताना या दोन्ही तारखा लाल शाईने अधोरेखित कराव्यात. उत्पादकाचे लक्ष पहिलीकडे असते, नुकसान बहुधा दुसरी विसरल्यामुळे होते.

लघुउद्योजकाने काय करावे?

समजा, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एक लघुउद्योजक कचेऱ्यांसाठी खाजगी दूरध्वनी केंद्रे तयार करतो. कर्ज काढून घेतलेले सुटे भाग कारखान्यात पडलेले आहेत आणि दहा-बारा कामगारांचे पगार त्या मालाच्या विक्रीवर अवलंबून आहेत. अशा वेळी त्याने पुढील क्रम पाळावा.

१. आपले उत्पादन कोणत्या प्रकारात व कोणत्या टप्प्यात मोडते, हे मूळ अधिसूचनेवरून ठरवावे. दलालाच्या तोंडी माहितीवर विसंबू नये.

२. त्या प्रकाराच्या अत्यावश्यक आवश्यकता आराखडा तयार करतानाच वाचाव्यात. माल तयार झाल्यावर सापडलेला दोष दुरुस्त करणे अतिशय खर्चाचे असते.

३. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच चाचणी करून घ्यावी. एकाच घडणीचे अनेक नमुने असतील, तर मुख्य नमुना व त्याचे संलग्न नमुने अशी मांडणी करावी. त्यामुळे खर्चात बचत होते.

४. प्रमाणपत्र मिळाल्यावर विद्युतपुरवठ्याचा भाग किंवा मंडलपट्टी परस्पर बदलू नये. प्रमाणपत्र हे चाचणी झालेल्या घडणीलाच मिळालेले असते.

५. चाचणी अहवाल, खरेदीची बिले व माल पाठविल्याच्या नोंदी तारीखवार जपून ठेवाव्यात. कोणता माल नियमापूर्वीचा व कोणता नंतरचा, हे सिद्ध करण्याची वेळ आली तर हेच कागद कामी येतात.

परदेशी उत्पादकाचा माल विकणाऱ्यांनी, त्या उत्पादकाने भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमला आहे की नाही, याची खात्री करून घ्यावी.

कायदा बदलला, पुढे काय?

डिसेंबर २०२३ मध्ये दूरसंचार अधिनियमास राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १८८५ च्या तार अधिनियमाची जागा नव्या कायद्याने घेण्याचा मार्ग मोकळा झाला. उपकरणांची मानके व त्यांच्या अनुरूपतेचे मूल्यमापन यांविषयीचे कलम १९, तसेच जुन्या नियमांच्या सातत्याविषयीचे कलम ६१, २६ जून २०२४ पासून अमलात आले. नव्या अधिनियमाशी विसंगत नसलेले जुने नियम, त्यांच्या जागी नवे नियम येईपर्यंत चालू राहतात, असे हे दुसरे कलम सांगते. जुना कायदा गेला म्हणून जुनी बंधनेही गेली, असा अर्थ कोणी काढू नये.

घरातील दूरध्वनी वाजतो तेव्हा त्यामागील चाचण्यांची कोणाला आठवण होत नाही आणि व्हावयासही नको. पावसाळ्यात विजा कडाडत असताना संच कानाला लावणाऱ्या माणसाचा विश्वास अखेर त्या छोट्याशा प्रमाणपत्रावर उभा असतो. तो विश्वास जपणे ही शासनाची जितकी, तितकीच तो संच बनविणाऱ्याची आणि विकणाऱ्याचीही जबाबदारी होय.