हाडाशी सांधणारी काच

बोटात रुतलेला काटा वेळीच निघाला नाही, तर शरीर त्याच्याभोवती दाट तंतूंचे कोश विणून त्यास वेगळे पाडते. मोडलेले हाड सांधण्यासाठी शस्त्रवैद्य जी धातूची पट्टी बसवितात, तिच्याही नशिबी पुष्कळदा हाच बहिष्कार येतो. पट्टी व हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि कालांतराने पट्टी सैल पडू लागते. म्हणून एके काळी असा दंडक होता, की शरीरात बसवावयाचा पदार्थ होईल तितका अक्रिय असावा. त्याने शरीराशी काहीच व्यवहार करू नये. हा दंडक ज्यांनी मोडला, त्या लॅरी हेंच ह्या अमेरिकन प्राध्यापकांचे शिक्षण वैद्यकाचे नव्हते. ते मृत्तिकाद्रव्ये आणि काच ह्यांचे अभ्यासक होते.

1967 साली हेंच फ्लॉरिडा विद्यापीठात अध्यापन करीत होते. किरणोत्साराच्या माऱ्यात टिकून राहतील अशा काचसदृश पदार्थांवर त्यांचे संशोधन चालू होते. एका परिषदेस जाताना बसमध्ये त्यांच्या शेजारी व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेले एक कर्नल बसले होते. जखमी सैनिकांचे हातपाय कापून टाकावे लागतात, कारण बसविलेले पदार्थ शरीर स्वीकारीत नाही, हे दुःख त्यांनी बोलून दाखविले आणि विचारले : किरणांना दाद न देणारे द्रव्य तुम्ही करता, तर माणसाच्या शरीरात टिकणारे द्रव्य तुम्हांस करता येणार नाही काय?

हेंच यांनी प्रश्नाची बाजूच पालटली. धातू आणि प्लास्टिक ह्यांपैकी काहीही हाडाच्या घडणीत नसते. हाडाचा खनिज भाग मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेट यांचा बनलेला असतो. तेव्हा ज्या काचेच्या पृष्ठभागावर शरीरातच असा थर जमेल, तिला शरीर परकी का मानील? अमेरिकन सैन्याच्या वैद्यकीय संशोधन विभागाने अनुदान दिले. काचेचे घटक वजनाच्या प्रमाणात असे ठरले : सिलिका 45 टक्के, सोडियम ऑक्साइड 24.5, कॅल्शियम ऑक्साइड 24.5 आणि फॉस्फरस पेंटॉक्साइड 6. खिडकीच्या काचेत सिलिका 70 टक्क्यांच्या आसपास असते. त्या मानाने ही काच अगदी कच्ची, पाण्यात झिजणारी. काचकारखानदाराने ती टाकूनच दिली असती. पण तिचे हे झिजणेच येथे गुण ठरावयाचे होते.

1969 साली अस्थिशल्यचिकित्सक टेड ग्रीनली यांनी ह्या काचेचे लहान तुकडे उंदरांच्या मांडीच्या हाडांत बसविले. सहा आठवड्यांनी पाहतात, तो ते तुकडे हाडातून निघेनात. ढकलून पाहिले, ठोकून पाहिले, तरी हलेनात. तुलनेसाठी बसविलेले इतर तुकडे मात्र अलगद सरकून बाहेर आले.

हे घडते ते असे. शरीरद्रवात काचेतील सोडियम विरघळून बाहेर पडते व पृष्ठभागी सिलिकेचा मऊ, जेलीसारखा थर उरतो. त्यावर कॅल्शियम आणि फॉस्फेट जमून त्यांचे स्फटिक बनतात. ते हाडातील खनिजाशी इतके मिळतेजुळते असतात, की नव्या हाडाचे तंतू त्यांत गुंतून वाढतात. अशा द्रव्याला मराठीत ‘जैवसक्रिय’ म्हणावे. शब्द जरा जड आहे. परंतु ‘अक्रिय’च्या समोर तो नेमका उभा राहतो.

तथापि कर्नलच्या सैनिकांना ह्या काचेचा थेट उपयोग झाला नाही. काच ठिसूळ, देहाचा भार तिला पेलवत नाही. तिचा रुग्णांवरील पहिला उपयोग 1980 नंतरच्या दशकात झाला, तोही शरीरातील सर्वांत लहान हाडांच्या, म्हणजे मध्यकर्णातील अस्थींच्या जागी. पुढे 1993 पासून दातांच्या मुळाशी झिजलेले हाड भरून आणण्यासाठी तिची भुकटी वापरात आली.

1995 साली हेंच लंडनच्या इंपीरिअल कॉलेजात गेले. तेथे त्यांना सहकारी लाभल्या त्या विकृतिशास्त्रज्ञ जूलिया पोलाक. फुप्फुसाच्या ज्या विकाराचा त्या अभ्यास करीत, त्याच विकाराने त्यांना ग्रासले आणि 1995 मध्ये त्यांच्यावर हृदय व फुप्फुसे यांचे प्रतिरोपण करावे लागले. दात्याच्या मरणाची वाट पाहणे म्हणजे काय, हे त्या अनुभवाने जाणत होत्या. तेव्हापासून त्यांनी प्रयोगशाळेत ऊतक वाढविण्याच्या कार्यास वाहून घेतले. ह्या काळातील संशोधनात दिसून आले, की काचेतून विरघळणारे सिलिकॉन व कॅल्शियम ह्यांचे आयन अस्थिपेशींतील काही जनुकांना चालना देतात. अर्थात काच केवळ चिकटत नव्हती; ती पेशींना कामास लावीत होती. 2002 साली दोघांनी मिळून असा विचार मांडला, की गमावलेल्या भागाची जागा कृत्रिम वस्तूने भरण्याऐवजी तो भाग शरीराकडूनच पुन्हा घडवून घ्यावा, आणि हे साधण्यास मदत करतील अशी द्रव्ये घडवावीत. पुनर्जनन वैद्यकाची दिशा ती हीच.

हेंच यांनी मुलांसाठी एका यांत्रिक मांजराच्या गोष्टीही लिहिल्या. पोलाक 2014 साली आणि हेंच 2015 साली निवर्तले. काचेचा ठिसूळपणा मात्र उरलाच. सच्छिद्र साचे करून अथवा लवचीक बहुवारिकांशी मिसळून तिला भार पेलावयास शिकविण्याचे प्रयत्न त्यांच्यामागून आलेले संशोधक करीत आहेत.