नेत्रतपासणी केवळ चष्म्यासाठी नव्हे

सकाळच्या गाडीने डोंबिवलीहून मुंबईस कामावर जाणारा, चाळिशी ओलांडलेला एखादा नोकरदार डोळ्यांपुढे आणावा. वृत्तपत्रातील बारीक अक्षरे दिसेनाशी झाली म्हणून तो स्थानकाजवळच्या दुकानात नंबर काढून घेतो व चष्मा करवून घेतो. काही महिन्यांतच तो चष्मा लागेनासा होतो. दुकानदारास दोष देऊन तो दुसरा चष्मा घेतो. परंतु दोष चष्म्याचाच असतो असे नाही. रक्तातील साखर वरखाली होऊ लागली की डोळ्यातील भिंगाचा फुगवटा बदलतो व त्याबरोबर नंबरही बदलतो. वारंवार बदलणारा नंबर ही मधुमेहाची पहिली सूचना असू शकते. चष्म्याच्या दुकानात ती सूचना सहसा कोणी वाचत नाही.

रक्तवाहिन्यांचे दर्शन

शरीरातील रक्तवाहिन्या कोठलाही छेद न घेता प्रत्यक्ष पाहता येतील अशी जागा म्हणजे डोळ्याचा आतील पडदा होय. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये ऑफ्थॅल्मोस्कोप हे उपकरण जगापुढे मांडले, तेव्हापासून हा पडदा वैद्यांना पाहता येऊ लागला. पडद्यावरील वाहिन्यांत जे घडते, तसेच मूत्रपिंड, मेंदू व हृदय यांच्या वाहिन्यांतही घडत असण्याचा संभव असतो. म्हणूनच या तपासणीचे महत्त्व दृष्टीपुरते मर्यादित राहत नाही.

मधुमेहात या सूक्ष्म वाहिन्या कमकुवत होतात, त्यांतून रक्त व द्रव झिरपू लागतो. प्रारंभी दृष्टी उत्तम असते, वेदनाही नसतात. अंधुक दिसू लागते तेव्हा बरेच नुकसान झालेले असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांपैकी प्रत्येकाच्या दृष्टीने हा प्रश्न निकडीचा आहे.

उच्च रक्तदाबाने याच वाहिन्या अरुंद होतात. अमेरिकेतील कीथ, वॅगनर व बार्कर यांनी १९३९ मध्ये या बदलांच्या चार पायऱ्या निश्चित केल्या. चौथ्या पायरीत डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूचे टोक सुजते. अशा रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे लागते. मेंदूवरील दाब वाढल्यासही तेथे सूज दिसते.

बाहेरून दिसणारी चिन्हे

काही खुणा उपकरणावाचूनही दिसतात. पांढऱ्या भागावरील पिवळेपणा काविळीची, तर खालच्या पापणीच्या आतील फिकटपणा रक्तक्षयाची शंका निर्माण करतो. डोळे पुढे आल्यासारखे दिसणे हे कंठस्थ ग्रंथीच्या, म्हणजे थायरॉइडच्या, विकाराचे लक्षण असू शकते. तरुण वयात बुबुळाच्या कडेला पांढुरके वलय दिसल्यास रक्तातील चरबी तपासून घ्यावी. लहान मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तर एक दिवसही दवडू नये. ते डोळ्यातील कर्करोगाचे चिन्ह असू शकते.

ठाणे जिल्ह्यातच शहापूर व मुरबाड तालुक्यांचा ग्रामीण व आदिवासी भाग आहे. बालकांच्या कुपोषणाकडे लक्ष ठेवावे लागते अशा ठिकाणी रातांधळेपणा व डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील फेसाळ ठिपके ही ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाची चिन्हे ओळखता आली पाहिजेत. या अभावाने रोगप्रतिकारशक्तीही घटते. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस चुकवू नयेत. शेवग्याचा पाला, पिकलेली पपई, आंबा, गाजर व अंडी आहारात असावीत. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळेतील बालकांची तपासणी होते. त्या दिवशी पालकांनी मुलास घरी ठेवू नये.

काय करावे?

चाळिशीनंतर नेत्रतज्ज्ञाकडून ठरावीक काळाने तपासणी करवून घ्यावी व ‘आतील पडदाही पाहा’ असे स्पष्टपणे सांगावे. प्रौढ वयातील मधुमेह्याने निदान होताच व त्यानंतर दरवर्षी ही तपासणी करावी. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई व डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही महापालिकांची रुग्णालये आहेत. तपासणी कोठे व कोणत्या वारी होते याची चौकशी तेथे करावी. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसते. तेव्हा सोबत कोणीतरी असावे, वाहन चालवू नये व गर्दीच्या वेळी एकट्याने लोकलचा प्रवास टाळावा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. डोळा सूचना देतो, अंतिम निदान करीत नाही. पडद्यावरील दोषामागील कारण रक्ताची तपासणी व रक्तदाबाची मोजणी करूनच निश्चित होते. पडदा निर्दोष असला म्हणून शरीर निरोगी आहे, असेही समजू नये. तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी रक्तदाब व साखर तपासण्याची सोय शासकीय आरोग्य केंद्रांत आहे. नवा चष्मा करवून घेण्यापूर्वी तेवढी तपासणी झाली, तर केवळ दृष्टीच नव्हे, तर मूत्रपिंड आणि हृदयही वाचण्याचा संभव आहे.