नदीवर संपणारे रस्ते : पोंभुर्ण्याच्या धानपट्ट्यात सायकल

चंद्रपूर जिल्ह्यात सायकल चालवायला जातो म्हटलं की समोरचा आधी ट्रकची गोष्ट काढतो. त्यात खोटं काही नाही. घुग्गुस, राजुरा, बल्लारपूर, वरोरा हे जिल्ह्याचं पश्चिम अंग कोळशाचं आणि सिमेंटचं. तिथल्या रस्त्यांवर सायकल घालणं म्हणजे काळी धूळ गिळत जीव मुठीत धरून चालणं. पण मूलच्या बाजूने दक्षिणेला वळलं की जिल्हा बदलतो. खाणी मागे पडतात आणि बांध्या, बोड्या, तळी, मधूनच जंगलाचा पट्टा असं सुरू होतं. पोंभुर्णा तालुका या धानपट्ट्याच्या कोपऱ्यात आहे. गावाला रेल्वे नाही आणि पूर्वेला वैनगंगा आडवी पडलेली.

रस्ते शांत असण्याचं खरं कारण ही नदीच आहे. वैनगंगेवर पूल मोजके, त्यामुळे तालुक्यातले बरेच छोटे रस्ते नदीकाठच्या गावात जाऊन थांबतात. पुढे कुठे जायचंच नसेल तर त्या रस्त्यावर परका ट्रक कशाला येईल? येतात ती त्या गावची माणसं, दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल, ट्रॅक्टर, शाळेच्या मुली आणि शेळ्या. म्हणून इथे वाट निवडायची एकच रीत सांगतो: नकाशावर जो रस्ता नदीवर जाऊन संपतो तो धरा. जो पलीकडे जातो तो सोडा.

सपाट नदीखोऱ्यातल्या सायकलप्रवासाचं नाव काढलं की जाणकार उत्तर इटलीतल्या पो नदीकडे बोट दाखवतात. साडेसहाशे किलोमीटर लांबीची ती नदी पुराला अडवायला घातलेल्या उंच मातीच्या बांधांमधून वाहते. त्या बांधांच्या माथ्यावरून सायकलीच्या वाटा जातात. फेराराजवळ तर नदीच्या उजव्या काठाने मैलोन्‌मैल मोटारीविना जाता येतं. तिथेही व्हेर्चेल्लीच्या आसपास धानाच्या बांध्या आहेत, हे आपल्याकडच्या माणसाला विशेष वाटावं. फरक मात्र मोठा आहे. तिथे नदीला समांतर चालता येतं. इथे काठाने सलग बांध नाही, वाटही नाही. रस्ते माशाच्या काट्यासारखे मधल्या कण्यातून फुटून नदीकडे जातात. म्हणून गोल फेरी आखण्याचा हट्ट करू नका. जायचं, काठावर बसायचं, त्याच वाटेने यायचं. परतीला ऊन पाठीवर की तोंडावर एवढं पाहून निघण्याची वेळ ठरवली की झालं.

पोंभुर्णा धरून निघालात तर जुनगावची बाजू पहिल्या दिवसाला चांगली. जुनगाव, गंगापूर, टोक ही पाण्याच्या कुशीतली गावं; पावसाळ्यात त्यांना बेटाचं रूप येतं आणि रस्ता पाण्याखाली जातो. घाटकुळ दुसऱ्या दिवसाला ठेवा. वैनगंगेच्या तीरावरचं हे गाव आदर्श गाव म्हणून नावाजलेलं आहे आणि ते नाव त्याच्या स्वच्छ गल्ल्यांत दिसतं. चढ म्हणावा असा चढ कुठेच नाही. दम काढतो तो डिसेंबरातला समोरचा वारा, आणि तोही दुपारी.

वाट विचारताना गावाचं नाव अर्धवट घेऊ नका. इथे देवाडा बुद्रुक आहे आणि देवाडा खुर्दही. सातारा भोसले, सातारा तुकूम आणि सातारा कोमटी अशी तीन साताऱ्यांची मौज आहे. नुसतं ‘आष्टा’ म्हणालात तर ‘चेक आष्टा का?’ असा प्रश्न येणार, आणि ऐकणाऱ्याने आष्टा ऐवजी आष्टी ऐकलं तर तो तुम्हाला नदीपार गडचिरोली जिल्ह्यातच धाडायचा. मोबाइलचा नकाशाही या नावांत घसरतो. टपरीवर थांबून विचारा. ‘कुठून आले जी?’ हा उलटा प्रश्न आधी येईल. त्याचं नीट उत्तर दिलं की पुढची वाट, डांबर कुठे उखडलंय, पुलावर पाणी आहे का, सगळं न विचारता कळतं.

हंगाम नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य. मार्चनंतर ऊन चढतं आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो; तेव्हा सायकल नको. जुलै-ऑगस्ट रोवणीचे दिवस. बांध्यांत पऱ्ह्यांच्या पेंढ्या पडलेल्या, बायांची रांग वाकलेली, दृश्य देखणं खरंच. पण चिखलणीहून आलेल्या ट्रॅक्टरांची लोखंडी केजव्हील रस्त्यावर चिखलाचे लगदे टाकत जातात आणि त्यावर बारीक टायर साबणासारखा सरकतो. शिवाय वर भंडारा जिल्ह्यात गोसेखुर्द धरणाची दारं उघडली की इकडे पाऊस नसतानाही वैनगंगा फुगते. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर ते पावलाएवढं दिसलं तरी परत फिरायचं. यात चर्चा नाही.

नोव्हेंबरात कापणी-मळणी चालते आणि डांबरी रस्ता गावाचं खळं होतो. एका बाजूला ताडपत्रीवर सोन्यासारखं धान पसरलेलं, कडेला ती उडू नये म्हणून दगड ठेवलेले, एक म्हातारी अनवाणी पायांनी त्यातून सरळ रेघा ओढत चाललेली. पाय ओढला की खालचं ओलं धान वर येतं. सायकलवाल्याने इथे उतरून, हातात सायकल धरून कडेने जायचं. धानावरून चाक घालणं हा इथे मोठाच उद्धटपणा आहे. थांबलात तर वाण विचारा. ‘एचएमटी’ ऐकू आलं तर लक्षात असू द्या की ते वाण याच जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात, नांदेड नावाच्या खेड्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 साली आपल्या बांधीतल्या वेगळ्या लोंबीवरून निवडायला सुरुवात केलेलं आहे. कापणीनंतर त्याच बांध्यांत लाखोरी, जवस, हरभरा येतो आणि जानेवारीत जवसाची निळी फुलं दिसतात.

आता वाघ. हा ताडोबा-अंधारीच्या खालचा मुलूख आहे; अंधारी नदी तिकडूनच येऊन वैनगंगेला मिळते. वाघ व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत राहतो असा समज घेऊन इथे येऊ नये. सायकलचा आवाज होत नाही, आणि नेमकं हेच तिचं वैगुण्य आहे. जंगलाचे पट्टे सकाळी आठच्या आत आणि दुपारी चारनंतर ओलांडू नका, एकट्याने तर कधीच नको. दोघं-तिघं बोलत, घंटी वाजवत जा. लघवीला झुडपात बसू नका. वाकलेल्या-बसलेल्या माणसावर हल्ला होण्याचा धोका जास्त, मोह वेचणाऱ्यांचा आणि तेंदूपानं तोडणाऱ्यांचा अनुभव तोच आहे. अस्वल आणि रानडुकरं वेगळीच. वनविभागाच्या आतल्या कच्च्या वाटांवर परवानगीशिवाय शिरू नका. संध्याकाळी फोटोसाठी धुऱ्यावरून शेतातही जाऊ नका. डुकरांसाठी काही जण तारेत चोरून वीज सोडतात, आणि ती माणूस-जनावर असा भेद करत नाही.

सायकल पस्तीस-चाळीस मिलिमीटर टायरची असावी. धुऱ्यांवर बाभळी आहेत आणि कुंपणाला घातलेल्या फांद्यांचे काटे रस्त्यावर येतात. बारीक टायरची शर्यतीची सायकल आणलीत तर दिवसभर चाकच खोलत बसाल. गावातला पंक्चरवाला हुशार असतो, पण त्याचा पंप तुमच्या प्रेस्टा व्हॉल्व्हला बसत नाही. रुपया-दोन रुपयांचं वाटावं एवढं ते पितळी अडॅप्टर, दोन ट्यूब आणि छोटा पंप हे जवळ हवंच. टपरीवर खर्रा कुठेही मिळेल, ट्यूब मिळणार नाही.

खायला पोंभुर्ण्यात पोहे, आलूबोंडा, चहा. पुढच्या गावांत बिस्किटं धरून चला. मुक्कामाला मूल किंवा चंद्रपूर सोयीचं. गोंदिया-बल्लारपूर रेल्वेमार्गावर मूल मारोडा स्टेशन आहे, तिथून पोंभुर्णा साधारण पंचवीस-तीस किलोमीटर. दिवाळीनंतरच्या महिन्यांत झाडीपट्टीची नाटकं रंगतात. गावात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असला की त्या रात्री नाटक हमखास. जरूर पाहा. ते रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं, तेव्हा सायकल खोलीवर ठेवून कुणाच्या तरी गाडीने जा आणि गाडीनेच या.

एक दिवस जास्तीचा असेल तर मार्कंडा. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वळते आणि काठावर दगडी कोरीव देवळांचा समूह उभा आहे. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमने एकोणिसाव्या शतकात त्याची दखल घेतली होती. मात्र हा रस्ता वरच्या नियमाला अपवाद आहे. मूल-चामोर्शी रस्त्याने हरणघाटच्या पुलावरून नदी ओलांडावी लागते आणि पलीकडे सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक भेटतात. गोंडपिपरी-आष्टी मार्गाचीही तीच गत. माझं मत विचाराल तर मार्कंड्याला सायकल गाडीवर टाकून जावं, चामोर्शीच्या पुढे आतल्या रस्त्यावर उतरवावी. महाशिवरात्रीच्या जत्रेचे दिवस टाळावेत. तेव्हा तिथे पाय ठेवायलाही जागा नसते.

आणि यायचं तर फार वर्षं लांबवू नका. तालुक्यातल्या ठाणेवासन्याच्या जमिनीखाली तांबं असल्याचं भूवैज्ञानिकांनी केव्हाच सांगून ठेवलंय.