आजी-आजोबांसह नगरदर्शन

प्रश्न : आजी-आजोबा आणि दोन मुलांना घेऊन एका दिवसात नगर पाहायचंय. कसं आखावं?

उत्तर : ऊन चढायच्या आत चांदबिबी महाल गाठा. गाडी डोंगरावर जाते. नाव चांदबिबीचं, पण आत कबर सलाबतखानाची! अष्टकोनी इमारतीचा अरुंद जिना आजींना चढायला लावू नका. खालच्या कमानीत छान वारं लागतं, तिथंच भाकरी-ठेच्याचा डबा उघडा. मग रणगाडा संग्रहालय. मुलं तिथून लवकर हलत नाहीत, दोन तास धराच. शेवटी भुईकोट किल्ला. 1942 च्या ऑगस्टपासून नेहरू इथं कैदेत होते. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथंच लिहिलं. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. ओळखपत्रं जवळ ठेवा आणि प्रवेशाची चौकशी आदल्या दिवशीच करा.