ताळेबंदातील जमीन, इमारत आणि यंत्रे

आपल्या पाबळ परिसरातील अनेक मुले रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. काहीजण पगारातून शिल्लक टाकून कंपन्यांचे शेअर्सही घेऊ लागले आहेत. परंतु ज्या कंपनीत आपण श्रम किंवा पैसा घालतो, तिचा ताळेबंद आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? माझ्या एका नातलगाने निवृत्तीच्या रकमेतून केवळ नफ्याचा आकडा पाहून शेअर्स घेतले. पुढे तो कारखाना बंद पडला. यंत्रे जुनी झाली होती, नवी घेतलीच नव्हती. ही गोष्ट अहवालात छापलेली होती. ती वाचायची कशी, हे बँकेत कारकून असूनही मला तेव्हा ठाऊक नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच.

ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला 'प्रॉपर्टी, प्लँट अँड इक्विपमेंट' असे शीर्षक असते. पूर्वी यालाच 'फिक्स्ड ॲसेट्स' म्हणत. जमीन, इमारत, यंत्रे, वाहने, फर्निचर हे सर्व त्यात येते. कसोटी एकच : वस्तू विकण्यासाठी नाही, तर एका वर्षाहून अधिक काळ वापरण्यासाठी हवी. आपल्या शिरूर तालुक्यात रांजणगावला व्हर्लपूलचा फ्रिजचा कारखाना आहे. तेथे फ्रिज बनविणारे यंत्र ही स्थिर मालमत्ता, तर गोदामातील तयार फ्रिज हा विक्रीचा माल.

यंत्राच्या किमतीत वाहतूक व बसविण्याचा खर्चही धरतात. वापराने यंत्र झिजते. ती झीज दरवर्षी खर्चात दाखवितात. तिला घसारा म्हणतात. कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत सर्वसाधारण यंत्रांचे आयुष्य १५ वर्षे, कारखान्याच्या इमारतीचे ३० वर्षे व संगणकाचे ३ वर्षे धरले आहे. मालकीच्या जमिनीवर घसारा नसतो.

समजा, यंत्राची किंमत १५,००,००० रुपये आहे. शेवटी भंगाराचे ५ टक्के, म्हणजे ७५,००० रुपये येतील असे धरले. उरलेले १४,२५,००० रुपये १५ वर्षांत विभागले, तर वार्षिक घसारा ९५,००० रुपये. बारा वर्षांनी एकूण घसारा ११,४०,००० रुपये व पुस्तकी किंमत ३,६०,००० रुपये. म्हणजे मूळ किमतीच्या ७६ टक्के घसारा झाला.

अहवालातील तपशीलाच्या तक्त्यात हेच पाहावे. मूळ किमतीच्या मानाने घसारा फार मोठा आणि वर्षातील नवी खरेदी नगण्य असेल, तर सावध व्हावे. मात्र निगा राखलेले जुने यंत्रही उत्तम चालते. म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये, कारण विचारावे. 'कॅपिटल वर्क इन प्रोग्रेस' म्हणजे अजून पूर्ण न झालेले काम. तोच आकडा वर्षानुवर्षे तसाच राहिला, तर काम का अडले हे विचारावे.

आणखी एक. एमआयडीसीचे भूखंड सामान्यतः ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतात. अशी जमीन कंपनीच्या मालकीची नसते. १ एप्रिल २०१९ पासून मोठ्या कंपन्या ती 'राईट ऑफ यूज' या वेगळ्या सदरात दाखवितात. तसेच पुस्तकी किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करीत शिकण्यासाठी. हिशेबाचेही तसेच आहे. विद्यार्थी मित्रांनो, एखादा वार्षिक अहवाल मिळवा, पेन्सिल घ्या आणि वरील टक्केवारी स्वतः काढून पाहा. घामाचा पैसा दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी एवढे कष्ट आपण घेतलेच पाहिजेत.